गाडीचे वायपर चालत नाहीत? बिघाड नेमका कुठे आहे ते घरच्या घरी कसं शोधायचं

वायपर बंद पडले की बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "मोटर गेली वाटतं." कधी कधी गॅरेजमध्येही तपासणी न करता हेच उत्तर मिळतं आणि हजारांत बिल होतं. पण वायपर म्हणजे फक्त मोटर नाही. फ्यूज, रिले, खटका, वायर, अर्थिंग, मोटर, लिंकेज, आर्म आणि ब्लेड अशी ती एक साखळी आहे. यातली कुठलीही एक कडी तुटली तरी काचेवर परिणाम एकच दिसतो: वायपर हलत नाही.

माझ्या शेजाऱ्यांच्या दहा वर्षं जुन्या हॅचबॅकचंच उदाहरण घ्या. एका गॅरेजने त्यांना नवीन मोटर सांगितली होती. खटका चालू केल्यावर मोटरचा घुरर्र आवाज मात्र बोनेटखालून स्वच्छ ऐकू येत होता. म्हणजे मोटर फिरत होती. लिंकेजच्या सळईचा प्लास्टिकचा बुश झिजून सळई बाहेर निसटली होती, आणि बुश बदलल्यावर वायपर पहिल्यासारखे चालले. म्हणून या लेखात मी तुम्हाला तपासणीचा क्रम सांगणार आहे. पार्ट विकत घ्यायच्या आधी हा क्रम पाळा.

नाशिककरांनी हे जास्त मनावर का घ्यायचं?

नाशिक शहरात पाऊस मध्यम पडतो, पण मुंबईच्या दिशेने निघालात की चित्र बदलतं. वाडीवऱ्हे, घोटी ओलांडून इगतपुरीकडे जाता जाता पाऊस वाढत जातो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, आणि पुढे लगेच कसारा घाट, म्हणजे थळ घाट लागतो. पाऊस, धुकं, वळणं आणि समोरच्या ट्रकच्या चाकांनी उडणारं चिखलपाणी हे सगळं तिथे एकदम अंगावर येतं. त्र्यंबकेश्वर किंवा सापुताऱ्याकडे निघालात तरी पावसाळ्यात थोड्याफार फरकाने हाच अनुभव.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्यात इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. बोगद्यात काच कोरडी असते आणि बाहेर पडताच धो धो पाऊस असू शकतो. १०० किमी वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. तेव्हा वायपर चालले नाहीत, तर "काय झालं?" एवढा विचार करेपर्यंत गाडी शंभर मीटर पुढे गेलेली असते, तीही समोरचं काही न दिसता.

कायद्याचंही सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०१ नुसार समोर काच असलेल्या मोटारीला चालू स्थितीतले वायपर असणं बंधनकारक आहे.

वायपर काम कसं करतो?

अमेरिकेत मेरी अँडरसन यांनी १९०३ मध्ये वायपरचं पेटंट घेतलं, तेव्हा तो आतून हाताने दांडा ओढून फिरवायचा होता. आज ते काम मोटर करते, पण तत्त्व तेच आहे.

बॅटरीतून करंट फ्यूजमध्ये येतो. तिथून स्टिअरिंगजवळच्या खटक्यातून आणि रिलेतून (किंवा नवीन गाडीत कंट्रोल युनिटमधून) तो मोटरपर्यंत पोहोचतो. मोटर गोल फिरते. तिच्या पुढच्या गिअरमुळे वेग कमी होतो आणि ताकद वाढते. गिअरच्या शाफ्टवर एक छोटा क्रँक असतो, त्याला लिंकेजच्या सळया जोडलेल्या असतात. या सळया गोल फिरण्याचं रूपांतर डावी-उजवीकडच्या हालचालीत करतात. सळयांच्या टोकाला दोन पिव्हट, पिव्हटवर आर्म आणि आर्मला ब्लेड.

मोटरमध्ये साधारणपणे तीन कार्बन असतात. एक सामाईक, एक कमी स्पीडचा आणि एक जास्त स्पीडचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पहिली पायरी: आधी कान लावा

गाडी सपाट जागी उभी करा. काच पाण्याने ओली करा, कोरड्या काचेवर वायपर चालवू नका. इंजिन बंद, चावी ऑनवर, खटका पहिल्या स्पीडवर. रेडिओ आणि एसीचा ब्लोअर बंद ठेवा. आता नुसतं ऐका. तीनपैकी एक गोष्ट होईल.

१. काहीच आवाज नाही, काहीच हालचाल नाही. बिघाड बहुतेक इलेक्ट्रिकचा आहे.
२. मोटरचा आवाज येतो, पण आर्म हलत नाहीत किंवा एकच हलतो. बिघाड मेकॅनिकल आहे, मोटर बदलू नका.
३. वायपर चालतात, पण सावकाश, अडखळत किंवा भलत्याच जागी थांबतात. हे दोन्हीपैकी काहीही असू शकतं.

एक सूचना: काही गाड्यांत बोनेट उघडं असताना वायपर मुद्दामच चालू होत नाहीत. त्यामुळे पहिली चाचणी बोनेट बंद ठेवून करा.

काहीच आवाज नसेल तर

*फ्यूज.* फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत वायपरचा फ्यूज कुठला ते दिलेलं असतं. तो साधारण १५ ते ३० अँपिअरचा असतो. चावी बंद करून फ्यूज काढा आणि उजेडात धरा. आतली पट्टी तुटलेली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवीन बसवा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे बिंदू उघडे असतात. फ्यूज जागेवर बसवून चावी ऑन करा आणि १२ व्होल्टचा टेस्टर दोन्ही बिंदूंना लावा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला, एकाच बाजूला लागला तर फ्यूज उडालेला.

नवीन फ्यूज लगेच उडाला तर थांबा. एक तर लिंकेज जाम आहे आणि मोटर जास्त करंट ओढतेय, किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालण्याचा जुगाड अजूनही चालतो. तो अजिबात करू नका. फ्यूज वाचला नाही म्हणून वायर वाचते. फ्यूजला उडू दिलं नाही तर वायरिंग जळतं.

*रिले.* वायपरचा वेगळा रिले असेल तर खटका चालू करताना त्यावर बोट ठेवा. बारीक 'टिक' जाणवायला हवी. त्याच नंबरचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, अदलाबदल करून पाहता येतो. मात्र दोन्हीवरचा नंबर आणि पिनांची रचना अगदी तीच हवी.

*खटका.* एक स्पीड चालते आणि दुसरी नाही, किंवा खटका थोडा वर-खाली दाबून धरला की वायपर चालतात, अशी लक्षणं असतील तर खटक्यातले कॉन्टॅक्ट झिजले आहेत.

*मोटरपर्यंत करंट येतो का?* हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. काचेखालची प्लास्टिकची जाळी काढली की मोटर आणि तिचा कपलर दिसतो. कपलर काढून आधी पाहा. हिरवट किंवा पांढरी बुरशी, वाकलेली पिन, जळालेलं प्लास्टिक दिसतं का? नाशिकमध्ये आठ महिने धूळ आणि मग एकदम पाऊस, त्यामुळे जाळीखाली मातीचा लगदा साचतो आणि कपलरमध्ये ओल जाते. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून कपलर घट्ट बसवा. बऱ्याचदा काम इथेच होतं.

तरीही चालत नसेल तर टेस्टरची क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, खटका पहिल्या स्पीडवर ठेवा आणि कपलरच्या पिना एकेक करून तपासा. कुठल्याच पिनेवर करंट नसेल तर दोष मोटरच्या अलीकडे, म्हणजे फ्यूज, खटका, रिले किंवा वायरमध्ये आहे. करंट येतोय आणि मोटर गप्प आहे, तर दोष अर्थिंगमध्ये किंवा मोटरमध्ये.

*अर्थिंग.* मोटर बदलण्याआधी हे तपासायलाच हवं. काही मोटरींना अर्थिंग कपलरच्या काळ्या वायरमधून मिळतं, तर काहींना बॉडीवर आवळलेल्या बोल्टमधून. एक जाड वायर घेऊन एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं मोटरच्या अर्थच्या जागी लावा. वायपर चालू झाले तर मोटर ठणठणीत आहे. अर्थचा बोल्ट काढा, गंज पॉलिश पेपरने घासा आणि परत आवळा. मल्टिमीटर असेल तर वायपर चालू करून मोटरचा अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यातलं व्होल्टेज मोजा. ते ०.२-०.३ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग कमकुवत समजा.

*मोटर.* करंट येतोय, अर्थिंगही चांगलं आहे, तरी हालचाल नाही? खटका चालू ठेवून मोटरच्या अंगावर पान्याच्या मुठीने हलकेच टकटक करा. हात लिंकेजपासून लांब ठेवा. मोटर झटक्यात सुरू झाली तर कार्बन झिजले आहेत. ती अजून थोडे दिवस चालेलही, पण भरवसा ठेवू नका. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे काही मोटरींचे कार्बन बदलून मिळतात. नाही मिळाले तर मोटर बदला. आता मोटर बदलण्याला अर्थ आहे.

आवाज येतो, पण आर्म हलत नाही तर

सुरुवात सोप्या जागेपासून करा. आर्मच्या बुडाशी प्लास्टिकची टोपी असते, तिच्याखाली नट असतो. तो ढिला झाला की आतला पिव्हट फिरतो आणि आर्म जागेवर राहतो. एक वायपर चालतो आणि दुसरा नाही, या तक्रारीत आधी हेच बघा. नट आवळूनही आर्म घसरत असेल तर आतले आटे गेले आहेत, आर्म बदलावा लागेल.

दोन्ही आर्म हलत नसतील तर मोटरच्या क्रँकचा नट ढिला आहे किंवा सळई बुशातून निसटली आहे. हे काम घरी करायचं असेल तर असं करा:

- वायपर एकदा चालवून बंद करा, म्हणजे मोटर तिच्या थांबण्याच्या जागी येईल. मोटर फिरते, फक्त सळई सुटली आहे, अशा वेळीही हे जमतं.
- बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. लिंकेजमध्ये बोट असताना चुकून वायपर चालू झाला तर बोट चिरडेल, इतकी त्या गिअरमध्ये ताकद असते.
- ब्लेड काचेवर जिथे टेकतात तिथे चिकटपट्टीने खूण करा.
- काचेवर जाड टॉवेल पसरा. ब्लेड नसलेला आर्म स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटला तर काच तडकू शकते.
- आर्मचा नट काढा, आर्म हळूहळू डावी-उजवीकडे हलवत सोडवा. जाम असेल तर डब्ल्यूडी-४० मारून दहा मिनिटं थांबा. स्क्रूड्रायव्हरने उपसू नका, खालची जाळी तुटते.
- जाळी काढा आणि सळयांची टोकं तपासा. बुश नुसता निसटला असेल तर ग्रीस लावून पकडीने दाबून बसवा. झिजला असेल तर बदला, नाहीतर पुन्हा निसटणार.
- आर्म बसवण्याआधी बॅटरी जोडून मोटर पुन्हा एकदा चालवून थांबवा. मग खुणेप्रमाणे आर्म बसवा आणि नट आवळा.

काही गाड्यांसाठी सुटा बुश मिळत नाही, पूर्ण लिंकेजच घ्यावं लागतं. तरीही ते मोटरसकट अख्खा सेट घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

वायपर सावकाश किंवा अडखळत चालत असतील तर

आधी बॅटरी. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचं व्होल्टेज १२.४ ते १२.६ च्या आसपास असतं, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. हे ठीक असेल तर पिव्हट तपासा. लिंकेज मोटरपासून सोडवून पिव्हट हाताने फिरवा. तो सहज फिरायला हवा. गंजून घट्ट झालेला पिव्हट मोटरला रोज थोडं थोडं मारत असतो. साफ करून ग्रीस लावला की मोटरचं आयुष्य वाढतं.

वायपर दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडतात आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतात, असं होतंय का? बऱ्याच मोटरींमध्ये गरम झाल्यावर करंट तोडणारं संरक्षण असतं. मोटर गार झाली की ती पुन्हा चालते. इथेही मूळ कारण बहुतेक वेळा जड झालेला पिव्हट किंवा लिंकेज असतं.

वायपर मध्येच थांबतात किंवा थांबतच नाहीत

खटका बंद केल्यावरही वायपर खाली येऊन मगच थांबतात, ते कसं? मोटरच्या गिअरमध्ये एक छोटा पार्किंग स्विच असतो. आर्म खाली पोहोचेपर्यंत तो मोटरला वेगळा करंट देत राहतो. खटका बंद करताच वायपर काचेच्या मध्यावर थांबत असतील तर हा स्विच किंवा त्याची वायर खराब आहे. खटका बंद करूनही वायपर चालूच राहत असतील तर रिले चिकटला आहे किंवा पार्किंग स्विचचे कॉन्टॅक्ट बिघडले आहेत.

थोडक्यात: लक्षण आणि संशयित

- कमी आणि जास्त स्पीड चालते, थांबून-थांबून चालणारी नाही: रिले किंवा कंट्रोल युनिट, कधी खटका.
- फक्त एकच स्पीड चालते: खटका किंवा त्या स्पीडचा कार्बन.
- आवाज येतो, दोन्ही आर्म स्थिर: क्रँकचा नट किंवा लिंकेजचा बुश.
- एकच आर्म स्थिर: आर्मचा नट, आटे किंवा त्या बाजूची सळई.
- फ्यूज सारखा उडतो: जाम लिंकेज किंवा शॉर्ट.
- मागचा वायपर बंद, पुढचे चालू: डिकीच्या बिजागरीजवळ सारख्या वाकून तुटलेल्या वायरी.

नवीन गाडी असेल तर

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत खटका फक्त सूचना देतो आणि मोटर चालवण्याचं काम कंट्रोल युनिट करतं. काही मॉडेलमध्ये काचेवर रेन सेन्सरही असतो. फ्यूज, कपलर, अर्थिंग आणि लिंकेज इथेही तुम्ही तपासू शकता. पण कंट्रोल युनिटच्या वायरींत टेस्टर खुपसू नका. स्कॅनर असलेल्या इलेक्ट्रिशियनकडे जा. रेन सेन्सर नीट काम करत नसेल तर आधी सेन्सरसमोरची काच आतून-बाहेरून पुसून पाहा. गाडी वॉरंटीत असेल तर काहीही उघडू नका.

घाटात वायपर बंद पडले तर

१. अचानक ब्रेक दाबू नका. वेग हळूहळू कमी करा, हेडलाइट लो-बीमवर ठेवा.
२. काच आतून धूसर झाली असेल तर ब्लोअरची हवा काचेवर सोडा. एसी चालू ठेवा.
३. डावीकडे रुंद, सुरक्षित जागा मिळाली की थांबा. वळणावर, पुलावर किंवा दरडीखाली थांबू नका.
४. थांबल्यावर पार्किंग लाइट चालू करा, त्रिकोण मागे ठेवा. कुटुंबाला रस्त्याच्या बाजूने न उतरवता कठड्यापलीकडे सुरक्षित जागी उभं करा.
५. फ्यूज तपासा. जादा फ्यूज नसेल तर तेवढ्याच अँपिअरचा, तात्पुरता गरजेचा नसलेला फ्यूज, जसं चार्जिंग सॉकेटचा, काढून वापरता येतो.
६. फ्यूज ठीक असेल तर कपलर हलवून पाहा आणि आर्मचे नट आवळून पाहा. चालले नाहीत तर पाऊस ओसरेपर्यंत थांबा किंवा टोइंग बोलवा.

काचेवर तंबाखू किंवा बटाटा चोळण्याची जुनी युक्ती अनेक ड्रायव्हर सांगतात. त्याने पाण्याचे थेंब पसरतात आणि हलक्या पावसात थोडं दिसतं. पाणी झटकणारं कोटिंगही मिळतं, पण ते हायवेच्या वेगाला वाऱ्याच्या जोरावर काम करतं. घाटातल्या वेगाला नाही. यातलं काहीही वायपरची जागा घेऊ शकत नाही, आणि "कसंबसं घोटीपर्यंत काढू" हा हिशेब करायची वेळ घाटात नसते.

मे महिन्यातली पंधरा मिनिटं

आपल्याकडे ऑक्टोबरनंतर वायपरला फारसं काम नसतं. उन्हात रबर कडक होतं, जाळीत गुलमोहराच्या पाकळ्या आणि पालापाचोळा साचतो, पिव्हट कोरडे पडतात. मग जूनच्या पहिल्या पावसात सगळं एकदम मागितलं जातं. म्हणून मेच्या शेवटी एवढं करा:

- जाळीतला कचरा काढा, पाणी ओतून ते खाली वाहून जातंय का बघा.
- ब्लेडचं रबर ओल्या फडक्याने पुसा. चिरा किंवा कडकपणा असेल तर बदला.
- ओल्या काचेवर सगळ्या स्पीड दोन-दोन मिनिटं चालवा आणि वायपर खाली येऊन थांबतात का पाहा.
- आर्मचे नट आवळा, पिव्हटवर थोडं वंगण सोडा.
- वॉशरची टाकी भरा.
- योग्य अँपिअरचे दोन जादा फ्यूज, टेस्टर आणि आर्मच्या नटाच्या मापाचा पाना गाडीत ठेवा.

आणि गॅरेजमध्ये कोणी थेट "मोटर बदला" म्हणालं, तर दोनच प्रश्न विचारा: "मोटरपर्यंत करंट येतोय का? आणि अर्थिंग तपासलंत का?" ज्याने खरंच तपासलंय तो टेस्टर लावून तुम्हाला दाखवेल. मग मोटरचे पैसे खुशाल द्या.